केणे मास्तरांच्या चार भिंती

भिवंडीत भरायचं होतं ते एक आख्खं चित्रप्रदर्शन मी धोब्याकडे टाकलं आणि नीळ घालून, इस्त्री करून परत आणलं.

यात अतिशयोक्ती नाही. धोब्याने नीळ जरा जास्त घातली, एवढीच माझी त्या वेळची तक्रार होती.

चित्रं केणे मास्तरांची होती. आमच्या शाळेत ते चित्रकला शिकवत आणि मी भूगोल. मी सांगलीकडून आलेलो, नवा, दोन पुस्तकं जास्त वाचलेला, त्यामुळे शाळेत कलेची जाण असलेला मी एकटाच अशी माझी प्रामाणिक समजूत होती. केणे मास्तर भिवंडीलगतच्या राहनाळ गावचे, शेतकरी घरातले. फळ्यापुढे उभे राहिले की बोलणं छापील, आणि वर्गाचा उंबरा ओलांडला की ‘हाय’, ‘न्हाय’ सुरू. उंच, किंचित वाकलेले, खिशात कायम खडूचा चुरा. लग्न केलेलं नव्हतं. शाळेमागच्या चाळीत एक खोली घेऊन राहत. राहनाळला त्यांची विधवा बहीण होती, सगळे तिला बाय म्हणत. ती दूधवाल्याबरोबर तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकट पाठवी. त्या डब्याचा वास मधल्या सुट्टीत आला की आमचे हेडमास्तर खिडकी उघडत आणि मी खुर्ची जवळ ओढत असे.

मास्तर बोलायचे फार मोठ्यांदा, आणि बोलताना दोन्ही हात चालायचे. त्याचं कारण मला पहिल्या महिन्यातच कळलं, तेही माझी शोभा होऊन.

शाळा सुटली की मास्तर रोज हनीफभाईंच्या कारखान्यात जाऊन बसत. कारखाना म्हणजे कापड विणायचे चार लूम, वर पत्रा, आणि मागे एक बैठकीची खोली. एकदा मीही बरोबर गेलो. लूम चालू असताना तिथे स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. हनीफभाई म्हणजे मेंदी लावलेली दाढी आणि अंगात बनियन असलेला शांत माणूस. मी त्यांना माझी ओळख करून देत होतो, ते नुसतेच हसत होते. मी आणखी जोरात सांगितलं. ते आणखी हसले. शेवटी मी मास्तरांच्या कानाशी तोंड नेऊन सगळा जीव एकवटून ओरडलो, “हा माणूस बहिरा आहे का हो?”

नेमकी त्याच क्षणाला लाइट गेली. चारही लूम एकदम थांबले, आणि माझं वाक्य पत्र्याखाली स्वच्छ, सुटं, शेवटच्या प्रश्नचिन्हासकट ऐकू आलं.

हनीफभाई दाढीवरून हात फिरवत म्हणाले, “बहरा नहीं हूँ साहब. आप बोलते बहुत हैं.”

कारखान्यातले सगळे कामगार हसले. मास्तर तर जमिनीवरच बसले.

त्या आवाजात कोणी तोंडाने बोलतच नसे. सगळं हाताने चाले. बोटांची चिमूट उडवली की धागा तुटला. मूठ ओठाला लावली की चहा. तळहात छातीवर ठेवला की घरी जातो. केणे मास्तर आणि हनीफभाई यांची वर्षानुवर्षांची दोस्ती या हातांवर चालली होती. बैठकीच्या खोलीत हनीफभाई बॉबिनं मोजत बसायचे, आणि मास्तर समोरच्या भिंतीला डोकं टेकून, मांडीवर मांजरपाटाचा तुकडा घेऊन कोळशाने काहीतरी काढत बसायचे. मधेच एकाचा हात हले. मधेच दुसऱ्याचा. संध्याकाळ सरे. रविवारी लूम बंद असले तर दोघं बाहेरच्या कट्ट्यावर बसत, आणि मी पाहिलंय, त्या दोघांना तोंडाने बोलायला काही सुचत नसे. हनीफभाई म्हणत, “आज तो बड़ी ख़ामोशी है मास्टर.” मास्तर म्हणत, “व्हय.” झालं.

वर्गात मास्तरांचा एक आवडता धडा होता. मुलांना सांगायचे, डोळे मिटा, घरच्या भिंतीवर काय काय टांगलंय ते आठवा आणि काढा. “मानूस खोटा बोलंल. भिंत न्हाय बोलनार.” मुलं काढायची. त्यात कधी मामाच्या लग्नाचा फोटो, कधी फुटका आरसा, कधी बापाचा सदरा. आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर एकाच सूतवाल्या व्यापाऱ्याचं कॅलेंडर. तो व्यापारी हुशार होता, काही घरांत देवाचं चित्र पाठवी, काही घरांत मक्केचं. मास्तर सगळे कागद फळ्यावर शेजारी शेजारी लावत आणि म्हणत, “तारखा तेवढ्या बगा रं. कुनाची पुढं हाय का?”

मग सत्तर सालची ती दंगल झाली.

तिच्याबद्दल मी काय सांगणार? मी खोलीला आतून कडी लावून, कडीला दोरी बांधून, दोरीला पलंग बांधून पडलो होतो. कर्फ्यू उठल्यावर ती गाठ मलाच सोडवेना, शेवटी शेजाऱ्यांनी खिडकीतून विळी दिली. माझं शौर्य एवढंच.

हनीफभाईंचा कारखाना जळाला. माणसं वाचली. ते बायकामुलांना घेऊन मालेगावला मेव्हण्याकडे निघून गेले, कोणाला न भेटता. आणि केणे मास्तर नेमके त्या दिवशी राहनाळला होते. बायला ताप होता म्हणून गेले होते. इतक्या वर्षांत कारखान्यात न गेलेली त्यांची ती एक संध्याकाळ. मी म्हटलं, “बरंच झालं की. इथे असता तर?” त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे महिनाभर त्यांना ‘बरं’ हा शब्द ऐकवला नाही.

पावसाळा तोंडावर होता. कर्फ्यू सैल झाला तसे मास्तर कुठेच दिसेनासे झाले. मला वाटलं, आजारी असतील. ते जळक्या कारखान्यात जात होते, हे मला फार नंतर कळलं. पत्रा खाली आला होता, लूमचे सांगाडे उरले होते. पण बैठकीच्या खोलीच्या चार भिंती उभ्या होत्या, धुराने काळ्या ठिक्कर. आणि त्या काळ्यात पांढरे आकार होते. घड्याळ होतं तिथे एक गोल. फोटो होता तिथे चौकोन. फळी होती तिथे आडवा पट्टा, टोपी अडकवायची खुंटी होती तिथे टोपीएवढी सावली. वस्तू होरपळून खाली पडल्या होत्या, पण त्यांनी आपापली जागा धुरापासून राखली होती. आता एक जोराची सर आली असती तर सगळं वाहून गेलं असतं.

मास्तरांनी काय करावं? सूत ताठ करायला इथे खळ लावतात, ती त्यांनी घमेलंभर शिजवली. भिंतीएवढे मांजरपाट आणले, त्यांना खळ फासली, ओल्या कापडानं भिंत मढवली आणि नारळाच्या सोडणाने घासून घासून दाबली. वाळल्यावर कापड सोलून काढलं तेव्हा भिंतीचा सगळा काळा कापडावर आला होता. कोरे होते ते फक्त घड्याळ, फोटो, फळी आणि टोपी. चार भिंतींची चार कापडं. घड्या घालून त्यांनी ती खाटेखाली सारली, आणि कोणालाही दाखवली नाहीत.

मधल्या काळात गावाने चुना फासला, पत्रे बदलले, लूम परत सुरू झाले. गावात त्या दिवसांना कोणी नाव घेऊन बोलत नसे. ‘ते झालं तेव्हा’ एवढंच म्हणत. हेडमास्तरांनी शांतता समितीसाठी मास्तरांना एकात्मतेचं चित्र काढायला सांगितलं. मास्तरांनी आमच्या बाजारपेठेची ओळ काढली, सगळी दुकानं फळ्या लावून बंद, रस्त्यावर एक चप्पल.

“केणे, यात माणसं कुठायत?” हेडमास्तरांनी विचारलं.

“घरात हायेत सर.”

“मग बाहेर काढा त्यांना!”

“मी कसा काढू? घाबरलीत ती.”

शेवटी समितीने दुसऱ्याकडून कबुतर काढून घेतलं. कबुतर चांगलं गुबगुबीत होतं. मी त्याची तारीफ केली.

संध्याकाळी मास्तर अजूनही ठरलेल्या वेळी त्या गल्लीकडे चालत जात. कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येत, आणि वाचनालयात एकटे बसत. पुढ्यात पेपर, पण बोटं टेबलावर लूमच्या ठेक्यात चाललेली. खट्‌टक, खट्‌टक. ग्रंथपाल चिडायचा. मी एकदा म्हटलं, “मास्तर, मालेगावला जाऊन का नाही येत?”

“कंच्या तोंडानं जाऊ?”

“तुम्ही काय केलंय?”

“तेच तं. काय केलं मी?”

दंगलीला वर्ष उलटून गेल्यावर कळलं, हनीफभाई जागा विकताहेत. सह्या करायला एका शनिवारी येणार, आणि संध्याकाळच्या एस.टी.ने परत जाणार. मास्तर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या खोलीवर आले. हातात एक मोठं गाठोडं.

“सबनीस, वाचनालयाच्या वरल्या खोलीत प्रदर्शन ठेवतोय. हनीफभाईला दाखवायचंय. त्याला म्हननार, ने तुझी खोली तुझ्यासंगं.”

“वा!” मी म्हणालो. मला काहीच समजलं नव्हतं.

“मी सकालपासून त्याच्यासंगं कचेरीत असन. ही कापडं तुमी टांगा. खिले मारून ठेवलेत मी.”

“चित्रं?”

“छाप हायेत,” ते म्हणाले आणि घाईने गेले.

मी समजलो ते असं, की चित्रं ते स्वतः आणणार आणि ही कापडं त्यांच्या मागे लावायची. गाठोडं सोडलं. आत घडी घातलेली, पापडासारखी कडक, काळी, आंबट वास मारणारी चादर. तिच्याखाली दुसरी. भिवंडीत राहणाऱ्या कोणालाही विचारा, लूमवरून उतरलेलं कापड खळीने कडक आणि डागांनी भरलेलंच असतं. ते धुलाईला जातं, मग बाजारात येतं. धुतल्याशिवाय कापड लोकांपुढे मांडणं म्हणजे नवरी आंघोळीशिवाय बोहल्यावर चढवणं. मला मास्तरांची कीव आली. एकटा माणूस, म्हटलं, कोण धुणार त्याचं? आणि मी ते गाठोडं उचलून तलावावरच्या धोब्याकडे नेलं.

धोबी म्हणाला, “गुरुजी, ये दाग मुश्किल है.”

मी म्हणालो, “भट्टी लाव. दोनदा लाव. एक डाग दिसता कामा नये.”

शनिवारी सकाळी मी चारही कापडं खिळ्यांना ताणून बसवली. बगळ्याच्या पंखासारखी, वर नीळ. पंख्याखाली खुर्ची मांडली, पाण्याचा तांब्या ठेवला. एक म्हातारा पेपर वाचायला आला होता तो वर डोकावून गेला. “कसं वार दिलं हे?” त्याने विचारलं. मी म्हटलं, विकायचं नाही. “मंग टांगलंय कशाला?” म्हणाला आणि गेला. दिवसभरात आलेला बाहेरचा प्रेक्षक तो एवढाच.

दुपारी जिन्यावर पावलं वाजली. पुढे मास्तर, मागे हनीफभाई. दाढीची मेंदी गेली होती, दाढी पांढरी झाली होती. मास्तर दारातच थबकले.

मी पुढे झालो. “या, या! बघा कसं चकचकीत केलंय.”

“सबनीस, छाप कुठं हायेत?”

“कसले छाप?”

“कापडावरचं. कालं.”

“ते डाग होय? गेले! एकही राहिला नाही. धोबी नाही म्हणत होता, पण मी सोडलं नाही त्याला.”

मास्तर भिंतीशी जाऊन खाली बसले. तेव्हा त्यांचा चेहरा पाहून मला पहिल्यांदा शंका आली की आपण काहीतरी धुऊन टाकलंय. त्या खोलीतून पळून जायची इच्छा मला फार झाली, पण दारात हनीफभाई उभे होते.

“क्या हुआ मास्टर? क्या दिखाने लाए थे?”

खालच्या गल्लीत जेवणाची सुट्टी संपली आणि एकेक करून लूम सुरू झाले. खट्‌टक, खट्‌टक. खोली त्या आवाजाने भरून गेली. आणि मास्तर उठले.

ते पहिल्या कापडापाशी गेले आणि हवेत बोटाने एक गोल काढला. मग दोन बोटं काट्यांसारखी फिरवली. हनीफभाई पाहत राहिले. मास्तरांनी शेजारी चौकोन काढला, त्याला हात जोडल्यासारखं केलं, हनुवटीखाली लांब दाढी दाखवली. हनीफभाईंच्या वडिलांचा फोटो. मग आडवी रेघ, फळी. फळीवर तीन वेळा मूठ ओठाला, म्हणजे चहाचे पेले.

हनीफभाईंचा हात वर आला. त्यांनी मान हलवली, पुढे झाले, मास्तरांचं मनगट धरलं आणि घड्याळ वीतभर डावीकडे सरकवलं. मास्तरांनी ते परत उजवीकडे आणलं. हनीफभाईंनी परत डावीकडे. दोघं भांडायला लागले, हातांनी, आवाज न करता. मी तांब्या हातात घेऊन उभा होतो. मला त्यातलं निम्मंही कळत नव्हतं, आणि त्या खोलीत माझ्याइतकी अनावश्यक वस्तू दुसरी नव्हती.

अशा तीन भिंती झाल्या. चौथ्या कापडावर मास्तरांनी खुंटी आणि टोपी दाखवली आणि हात खाली सोडले. हनीफभाई थांबले. मग वाकून त्यांनी त्या कापडावर, बसल्या माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, तळवा टेकवला आणि तो गोल गोल फिरवला. मास्तरांना कळलं नाही. हनीफभाईंनी तोच तळवा मास्तरांच्या डोक्यावर ठेवला, आणि बोटं चोळून त्यांना दाखवली. तेल.

तिथे मास्तर रोज डोकं टेकून बसत. भिंतीवर त्यांच्या खोबरेलाचा डाग पडला होता. स्वतःचा तेवढा एक डाग मास्तर विसरले होते.

दोघंही त्या कापडाला टेकून बराच वेळ बसले. उठताना हनीफभाई मास्तरांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने म्हणाले, म्हणून मलाही ऐकू आलं, “उस दिन आप राहनाल में थे. अच्छा हुआ.”

“न्हाय,” मास्तर ओरडले. “चांगलं न्हाय झालं.”

हनीफभाईंनी निघताना सवयीने कापडाची कड दोन बोटांत धरून चोळली, उजेडाकडे धरून पाहिली, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “माल अच्छा है साहब. धुलाई भी अच्छी है.” आणि कड सोडून दिली.

एस.टी. स्टँडवर मीही गेलो, लांब उभा राहिलो. गाडी हलली तेव्हा खिडकीतून हनीफभाईंनी तळहात छातीवर ठेवला. घरी जातो. मास्तरांनी घाईने मूठ ओठाला नेली. चहा. पण तोवर गाडी वळली होती. मास्तर मूठ तशीच धरून उभे राहिले, शेवटी एक भेळवाला त्यांना बाजूला व्हा म्हणाला.

हनीफभाई पुन्हा आले नाहीत. नव्या मालकाने त्या भिंतींना हिरवा रंग दिला. मास्तरांनी त्यानंतर छाप घेतले नाहीत. घेणार कुठून? गावात काळी भिंत उरली नव्हती. मी शंभरदा माफी मागितली, दर वेळी ते म्हणत, “जाऊ द्या हो,” आणि बोटं टेबलावर खट्‌टक, खट्‌टक चालू ठेवत.

सत्तरचं दशक सरत आलं तेव्हा माझी बदली सांगलीकडच्या शाळेत झाली. मास्तर नोकरी सोडून राहनाळला राहायला गेले होते. निरोप घ्यायला गेलो. घरात बाय आणि ते, दोघंच. ओटीवर मास्तर भिंतीला डोकं टेकून बसले होते. मागे तेलाचा नवा डाग पडला होता. शेजारच्या शेतात कोणीतरी गोदामाचा पाया खणत होतं, ते ते पाहत होते. पुढ्यातल्या दोरीवर चार कापडं वाळत होती. नीळ गेली होती, पण मी ती ओळखली. बाय त्यांवर भात वाळवत असे.

आता माझ्याकडे बोलायला वेळ थोडा होता आणि इतक्या वर्षांत घासूनपुसून तयार केलेला एक विचार होता. तो मी मांडला. म्हटलं, “मास्तर, खरं सांगू? मी ती धुतली नसती तर हनीफभाई नुसते बघून, डोळे पुसून गेले असते. कापड कोरं होतं म्हणून तुम्ही बोललात. तुमचं भांडण झालं, त्यांनी तो तेलाचा डाग दाखवला. म्हणजे एका अर्थी प्रदर्शन...”

“न्हाय,” मास्तर म्हणाले.

“नाही कसं?”

ते दोरीकडे पाहत होते. बोटं गुडघ्यावर थांबली.

“छाप असता तं तो संगं घेऊन गेला असता. कोरं कापड मालेगावला कोन नेतं, येड्या?”